अकोल्याला फोन लावू नका

अमरावतीला मी गेलो तो एका बाईची चूक शोधायला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुठं गिल्या वड्याचं किंवा तिकडच्या मोकळ्या उन्हाचं कौतुक आलं तर वाचकांनी मला रसिक प्रवासी समजू नये. माझ्या बॅगेत दोन शर्ट, रक्तदाबाच्या गोळ्या आणि त्या बाईचं हस्तलिखित होतं. हस्तलिखित माझ्याकडं आहे हे तिला माहीत नव्हतं.

बाईचं नाव सुनंदा. पस्तीस वर्षांपूर्वी पुण्यात आम्ही एम.एस्सी.ला एका बाकावर होतो. भौतिकशास्त्रात मी पहिला आलो, ती तिसरी. मी पुण्यातच प्राध्यापक झालो आणि ती लग्न होऊन माहेरच्याच अमरावतीला परत गेली. तिथल्या एका कॉलेजात ती शिकवत राहिली. निवृत्तीनंतर राजापेठेत दर रविवारी ती कुणालाही फुकट विज्ञान सांगते, असं कानावर यायचं. पुण्यात बसून मी म्हणायचो, छान विरंगुळा आहे.

मी स्वतः अठरा वर्षं पुंजभौतिकीवर, म्हणजे क्वांटम फिजिक्सवर, मराठीत पुस्तक लिहितो आहे. त्यातलं एक प्रकरण मला पार करता येत नाही. दोन कण एकत्र जन्मतात, दूर जातात, आणि इकडच्याचं मापन केलं की तिकडच्याचं उत्तर याच्याशी जुळलेलं निघतं. मधे निरोप जायला वेळच नसतो. मग मापनाआधी तिथं काय असतं? हे चाळीस पानांत मांडून झालंय, आणि ती पानं वाचून मलाच झोप येते.

गेल्या ऑक्टोबरात माझ्या ओळखीच्या प्रकाशकांनी एक गठ्ठा पाठवला. वर चिठ्ठी होती: या विषयावर आम्ही एकच पुस्तक काढणार आहोत, तुमचं अजून झालेलं नाही, त्याऐवजी हे छापावं का ते कळवा. गठ्ठ्यावर सुनंदाचं नाव होतं. पहिलं पान वाचलं आणि माझ्या पोटात दुखलं. अतिशयोक्ती नाही, खरंच दुखलं. माझ्या अठरा वर्षांत मला न जमलेलं तिनं पहिल्या पानावर, भाजी निवडत बोलावं तसं लिहिलं होतं.

तरी मी वाचत गेलो आणि सातव्या प्रकरणात, एक्क्याण्णवाव्या पानावर, मला चूक सापडली. केवढा आनंद झाला. मी पेन्सिलीनं समासात 'मूलभूत चूक' लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि गठ्ठा मिटला. ब्याण्णवावं पान मी उलटलं नाही. प्रकाशकांनाही काही कळवलं नाही. असे चार महिने गेले. मग सुनंदाचंच आमंत्रण आलं: माझ्या रविवारच्या मंडळींपुढं बोलायला ये. मी लगेच हो म्हटलं.

शनिवार, राजापेठ

बडनेऱ्याला उतरलो तर ती स्वतः स्कूटर घेऊन हजर. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, डोळे तेवढे दिसत होते. "चाल, बस मागं," म्हणाली आणि माझी बॅग घेऊन तिनं पुढच्या हुकाला अडकवली. म्हणजे बडनेरा ते राजापेठ हा सगळा रस्ता तिचं हस्तलिखित, माझ्या दोन रेघांसह, तिच्याच पायांशी लोंबकळत होतं. बॅगेची चेन अर्धी उघडी होती. मी मागून वाकून वाकून तिकडं पाहत होतो, आणि तिला वाटत होतं मी घाबरलोय.

"काहून रे, स्कूटरवर बसला नाही का कधी?"

"बसलोय. गिअरच्या."

राजापेठेत दुकानांच्या वर क्लासेस आहेत आणि क्लासेसच्या वर आणखी क्लासेस आहेत. प्रत्येक पाटीवर पहिल्या आलेल्या मुलामुलींचे हसरे फोटो, खाली दुचाक्यांची रांग. सुनंदाचं घर अशाच एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. तिचे यजमान वकील आहेत. ते दोन दिवस नागपूरला गेले होते. तिनं पोहे केले आणि विचारलं, "वरून सांबार टाकू?"

पोह्यांवर सांबार मी कधी खाल्लं नव्हतं, पण पाहुण्यानं नाही कसं म्हणायचं? वाटी पुढं केली. तिनं तीत चिमूटभर कोथिंबीर टाकली आणि वाटीकडं, मग माझ्याकडं पाहिलं. "सांबार म्हंजे कोथिंबीर. दोन वर्षं मेसमध्ये माह्यासमोर जेवला तू. तेवढंही नाही शिकला."

संध्याकाळी ती मला बाजारात घेऊन गेली. गिला वडा म्हणजे दह्यात बुडवलेला उडदाचा वडा, पण आपल्याकडच्या दहीवड्यासारखा गोडसर आणि सभ्य नाही. वर तिखटाचा असा थर की डोळ्यांतून पाणी आलं. मी रुमाल काढत होतो तेवढ्यात एका भाजीवाल्यानं सुनंदाला हाक मारली.

"म्याडम, त्या दोन इलेक्ट्रॉनचं मंग काय झालं? तुमी मागल्या रविवारी अर्धंच सोडलं."

"उद्या ये ना. उद्या पुण्याचे सर सांगणार आहेत."

"सर समजंल असं बोलते ना?"

"बोलते, बोलते," सुनंदा म्हणाली.

माझ्या डोळ्यांतलं पाणी तिखटाचं होतं, असं मी आजही सांगू शकतो. पुण्यात माझ्या गल्लीतला दूधवाला मला विम्याचा एजंट समजतो. तीस वर्षं मी जो विषय शिकवला त्यातला एक शब्दही मला कुणी रस्त्यात थांबवून विचारलेला नाही. इथं मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडता शिंपडता एक माणूस विचारत होता, आणि विचारत होता तिला. मला तिचा हेवा वाटला. हस्तलिखिताचा वाटत होता तो कागदावरचा होता. हा चालताबोलता होता, आणि त्याचा त्रास जास्त झाला.

रविवार, क्लासची खोली

एका क्लासवाल्यांनी रविवारी सकाळी रिकामी असणारी खोली सुनंदाला देऊन ठेवली आहे. तीसेक माणसं होती. काही शिक्षक, एक निवृत्त पोस्टमास्तर, कालचा भाजीवाला, आणि पहिल्या बाकावर जवळच्या भातकुली गावातल्या दोन जावा. घरची फुलं घेऊन त्या पहाटे अमरावतीला येतात, माल संपला की इथं येऊन बसतात आणि दुपारच्या गाडीनं परत जातात. मोठीचं नाव रेखाताई, धाकटीचं मंगला. दोघींच्या ओंजळी झेंडूनं पिवळ्या झालेल्या होत्या.

मी पाऊण तास बोललो. चांगलं बोललो असं मला तेव्हा वाटत होतं. "मापनापूर्वी कणाला निश्चित अवस्था नसते, मापनानंतर ती प्राप्त होते," असं म्हणून मी फळ्याकडून वळलो, तर रेखाताईंनी हात वर केला होता.

"मास्तर, मापन म्हंजे मोजणं ना?"

"हो."

"मंग मोजलं तं ते आधी तिथं असलंच पाहिजे. नसलं तं तुमी मोजलं काय?"

 माझी चाळीस पानं ज्या दगडावर अडली होती तो दगड या बाईंनी एका वाक्यात उचलून माझ्यासमोर ठेवला. मी काहीतरी गणिताचं बोलू लागलो. पोस्टमास्तर खिडकीबाहेर पाहू लागले. मग सुनंदा मागून उठली.

"रेखाताई, तुमचंच बरोबर हाये. मोजणं हा शब्दच दगा देते. मोजणं नाही ते, इचारणं हाये. मी तुमाले इचारलं, 'चहा घेता का?' तुमी 'घेतो' म्हटलं. हे 'घेतो' मी इचाराच्या आधी तुमच्या पोटात कुठं ठेवलेलं होतं का?"

"नाही बाप्पा. तुमी इचारलं तवा ठरलं."

"तेच. फुलं मोजता येते. कणाले फक्त इचारता येते."

हस्तलिखितभर तिनं मापनाला 'विचारणं' म्हटलं होतं, आणि मी जागोजागी पेन्सिलीनं 'अशास्त्रीय' लिहिलं होतं. गठ्ठा मिटण्याआधी असे अठरा शेरे झाले होते. तो शब्द तिला सुचला, मला नाही. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. खरं सांगायचं तर त्या क्षणी खोलीतले दिवे गेले असते तर मला बरं वाटलं असतं.

तरी मनात एक आशा होती. 'विचारणं' ठीक आहे, पण दूरच्या दोन कणांचं काय? तिथं ती चुकली आहे, एक्क्याण्णवाव्या पानावर. आता या लोकांपुढंही चुकेल.

सुनंदानं दोघी जावांना पुढं बोलावलं. "या दोघींले एकमेकींच्या मनातलं समजते असं भातकुलीत सगळे म्हणते. पाहू आता." खेळ असा होता: एक जाऊ या खोलीत बसेल, दुसरी शेजारच्या. प्रत्येकीला चिठ्ठी काढून एकच शब्द विचारायचा, 'कांदा' किंवा 'लसूण'. तिनं फक्त हो किंवा नाही म्हणायचं. दोघींनाही 'लसूण' आला तर उत्तरं वेगळी पाहिजेत. बाकी काहीही आलं तरी उत्तरं सारखी पाहिजेत. आधी बसून काय वाटेल ते ठरवा. एकदा आत गेल्यावर बोलायचं नाही.

दोघी कोपऱ्यात कुजबुजल्या. मग खेळ सुरू झाला. पोस्टमास्तरांनी चिठ्ठ्या काढल्या आणि भाजीवाल्यानं फळ्यावर खुणा केल्या. बऱ्याच फेऱ्या झाल्या, तरी चारांत तीनच्या आसपासच जमत होतं. मंगला शेजारच्या खोलीतून ओरडली, "जाऊबाई, तुमी ठरल्यापरमाणं बोलून नाही राहिल्या."

"म्या ठरल्यापरमाणंच बोलून राहिली. ठरवणंच कमी पडून राहिलं."

सुनंदा खुर्चीवरून उठलीच. "आता हेच लिहून घ्या. 'ठरवणंच कमी पडून राहिलं.' आधी काहीही ठरवा, चारांत तीनच्या वर सरासरी जात नाही. घरी जाऊन कागदावर करून पाहा. पण ती कणांची जोडी हाच खेळ खेळली तं शंभरात पंच्याऐंशीच्या आसपास जिंकते. निरोप न पाठवता. म्हंजे त्यांनी उत्तरं आधी ठरवून खिशात घातलेली नसते. ठरवून ठेवली असती तं या दोघींसारखीच हरली असती."

रेखाताई परत आपल्या बाकावर बसल्या आणि झेंडूनं पिवळे झालेले आपले तळवे पाहत राहिल्या. "मंग ते कण एकमेकींच्या जावा नाही," त्या म्हणाल्या. "दुसरंच काही हाये."

हा खेळ भौतिकशास्त्रज्ञांना ठाऊक असलेला आहे. सुनंदानं शोधलेला नाही. माझ्याही प्रकरणात तो आहे, एका आकृतीसह, अकरा पानांत. त्या अकरा पानांत कांदा नाही, लसूण नाही आणि रेखाताई नाहीत. पण मला जे टोचलं ते निराळंच. हे एवढं जिला नीट ठाऊक आहे ती एक्क्याण्णवाव्या पानावर चुकेल कशी? दुपारी जेवताना मला वांग्याची भाजी लागली नाही. सुनंदानं विचारलं, तिखट झालं का. मी हो म्हटलं.

सोमवार, अकोला

सोमवारी तिला अकोल्याला दिराकडं जायचं होतं, आणि माझी परतीची गाडी अकोल्याहूनच होती. सकाळच्या एस.टी.नं निघालो. मूर्तिजापूरपर्यंत दोन्ही बाजूंना हरभरा आणि वेचून झालेल्या कपाशीच्या उभ्या काड्या होत्या. आपल्याकडं डोंगर आडवे येतात म्हणून नजर जवळच राहते. इथं ती जमिनीवरून सरळ निघते ती कुठं थांबायचं हे तिलाच कळत नाही. सुनंदा खिडकीपाशी बसली होती. मूर्तिजापूरच्या पुढं ती आपणहून म्हणाली, "मी एक पुस्तक लिहिलं. पुण्यात दिलं आहे. ऑक्टोबरपासून कोण्या परीक्षकाकडं पडून आहे."

मी हरभरा पाहत होतो. "मग विचारलं नाहीस?"

"नाही. इचारलं की ठरते." मग म्हणाली, "मले ते पुस्तक पाहिजे रे. मी किती दिवस रविवारी बोलणार? अन् या लोकाईले इंग्रजीतलं कोण वाचून दाखवणार?"

त्या वेळी सांगायला हवं होतं. बॅग वरच्या फळीवर होती. मी विषय बदलून मूर्तिजापूरच्या स्टँडवरच्या भज्यांचं कौतुक केलं.

तिचे दीर, वासुदेवराव, अकोल्यात पौरोहित्य करतात. पंचावन्नचं वय, आवाज खणखणीत. जुन्या वस्तीत घर, पुढं ओटा. आम्ही पोचलो तेव्हा ते ओट्यावर बसून फोनवर कुणाला तरी मुहूर्त सांगत होते. मी पुण्याचा प्राध्यापक आणि भौतिकशास्त्रातला आहे असं कळल्यावर ते हसले. "म्हंजे वहिनीच्या धंद्यातले. मंग तुमाले माही गोष्ट ठाऊक असंन. वहिनी सगळ्याईले सांगते."

मला ती गोष्ट ठाऊक होती. तेच एक्क्याण्णवावं पान होतं. तरी मी नाही म्हटलं. मला ती ऐकायची होती.

"आमचे काका अमरावतीले सकाळी सहाले वारले," वासुदेवराव सांगू लागले. "त्याच दिवशी इथं अकोल्यात मले लग्न लावायचं होतं. सुतक कळलं की मी लग्न लावू शकत नाही, अन् ऐन वेळी दुसरा गुरुजी कुठून आणणार? तं वहिनी घरात सगळ्याईले बोलली, 'अकोल्याले फोन लावू नका.' कोणीच लावला नाही. लग्न लागलं, पंगती उठल्या. चारले फोन आला. मी चारले सुतकी झालो."

"आणि सहापासून चारपर्यंत?"

"शुद्ध. आमच्यात सुतक कानावरून येते. ऐकलं नाही तं लागलं नाही."

"पण काका तर गेलेलेच होते."

"गेलेलेच होते." ते थोडे पुढं झुकले. "आता तुमाले खरं सांगतो. रोज आठले वहिनीचा फोन येते, 'भाऊजी, चहा झाला का?' त्या दिवशी आठले आला नाही. साडेआठले आला नाही. मी तवाच समजलो. पण समजणं वेगळं अन् ऐकणं वेगळं. मी पंगती उठेपर्यंत फोन बंद करून टाकला अन् मंगलाष्टकाले उभा राहिलो."

एवढं सांगून ते एका वास्तुशांतीसाठी निघून गेले. सुनंदा आत जावेशी बोलत होती. मी ओट्यावर एकटाच उरलो. बॅग माझ्या पायाशी होती. मी गठ्ठा काढला आणि एक्क्याण्णवावं पान उघडलं. शेवटची ओळ अशी होती: 'भाऊजी सहाला सुतकी झाले की चारला? दोन कणांच्या जोडीचंही असंच असतं.' समासात माझ्या दोन रेघा. मग मी पान उलटलं.

ब्याण्णवाव्या पानाची सुरुवात अशी होती: 'असं वाटतं ना? मलाही कैक वर्षं असंच वाटलं. पण ते चूक आहे. काका सहाला गेलेलेच होते, बातमी तेवढी थांबवून ठेवली होती. कुणी फोन लावला नाही म्हणून काका काही दहा तास जास्त जगले नाहीत. कणांच्या जोडीत, विचारेपर्यंत, थांबवून ठेवावं असं काही घडलेलंच नसतं. म्हणून फोन न लावल्यानं जे लपतं ते कणांचं कधीच नसतं. ते माणसांचं असतं.'

मी ते दोनदा वाचलं. चार महिने मी स्वतःला सांगत होतो की माझा अभिप्राय अजून ठरलेला नाही. पुस्तक चांगलंही आहे आणि चुकलेलंही, मी अजून विचारलेलं नाही इतकंच. मी शब्द मोठे वापरत होतो. माझ्या बाबतीत तसलं काही गहन नव्हतं. अभिप्राय ऑक्टोबरात पहिल्या पानावरच ठरला होता. मी फक्त अकोल्याला फोन लावला नव्हता.

सुनंदा हातात ओल्या हरभऱ्याच्या डहाळ्या घेऊन बाहेर आली. आम्ही दोघांनी सोलायला घ्याव्यात म्हणून असाव्यात. तिनं माझ्या मांडीवरचा गठ्ठा पाहिला. अक्षर तिचं नव्हतं, छापलेली पानं होती, पण आपलं पान दुरूनही कळतं. समासातली पेन्सिलही तिनं पाहिली. ती खाली बसली आणि घाटे सोलू लागली.

"तू होता," ती म्हणाली.

"हो."

"ऑक्टोबरपासून."

"हो."

 सोललेले दाणे ताटलीत पडत होते. मग तिनं विचारलं, "अन् पसंत कवापासून होतं?"

या प्रश्नाला मी जे उत्तर दिलं ते प्रवासातलं माझं एकमेव धाडस. "पहिल्या पानापासून. वाचलं आणि पोटात दुखलं. मला ते तुझं नको होतं, माझं हवं होतं."

मला वाटलं ती रडेल किंवा ओरडेल. तिनं दोन्ही केलं नाही. "मी उलटंच समजली होती," ती म्हणाली. "चार महिने कोणी फोन करत नाही म्हंजे पुस्तक वाईट आहे असं मी समजली होती. त्यापायी मी दिवाळीपासून एक ओळ लिहिली नाही. तुले ठाऊक होतं अन् तू मले तसं समजू दिलं."

  जावेनं आतून चहाला हाक मारली. सुनंदा उठली नाही. तिनं ताटली बाजूला सरकवली आणि म्हणाली, "आता अकोल्याहून फोन लाव. माह्यासमोर."

मी लावला. प्रकाशक बाहेर होते. फोन त्यांच्या मुलीनं घेतला, मग त्यांना दिला. मी म्हणालो, "पुस्तक काढा. उत्तम आहे. समासात मी पेन्सिलीनं जे काही लिहिलंय ते पुसून टाका. आणि 'विचारणं' हा शब्द कुणाला बदलू देऊ नका."

ते म्हणाले, "बरं. मग तुमचं कसं करायचं? दोन तर आम्हाला झेपणार नाहीत."

"माझं राहू द्या."

फोन ठेवला. सुनंदा माझ्याकडं पाहत होती. "तुहं पुस्तक कुठवर आलं?"

"लिहून राहिलो," मी म्हणालो. 'लिहितो आहे' हे तिच्या भाषेत म्हणून मला तिला थोडं हसवायचं होतं.

"तुमच्या पुण्यात राहिलं म्हंजे राहून गेलं," ती म्हणाली. तिनं हसण्याची तसदी घेतली नाही, पण उरलेल्या डहाळ्यांतल्या अर्ध्या माझ्याकडं ढकलल्या. मी सोलू लागलो.

वासुदेवराव दुपारी परतले तेव्हा मी त्यांना एक गोष्ट विचारून घेतली. समजा, कुणी गेल्याची बातमी फारच उशिरा आली, तर?

"किती उशिरा?"

"तीन महिन्यांच्या आत."

"दहा दिवस उलटून गेले अन् मंग कळलं, तं आमी तीन दिवस पाळतो. मंग कपड्यांसकट डोक्यावरून अंघोळ. झाले मोकळे. का, कोणी आहे का तुमचं?"

"आहे एक लांबचं," मी म्हणालो. माझं गणित ओढाताणीचं होतं, चार महिने झाले होते ते मी तीनच्या आत बसवले होते, पण तीन दिवस माझ्याकडं आयतेच जमले होते: शनिवार, रविवार, सोमवार.

स्टेशनवर सुनंदा पोचवायला आली. गठ्ठा तिनं परत मागितला नाही, मीच प्रकाशकांना द्यायचा होता. गाडी सुटता सुटता तिनं खिडकीतून दोन संत्री दिली. "रागावली नाही असं समजू नको," ती म्हणाली. "रागावून राहिली आहे." हे मात्र मला नीट समजलं. संत्री गोड होती आणि ती सोलतानाही माझ्या मनात हेच होतं की ब्याण्णवावं पान मी का लिहिलं नाही. हेवा गेला असं मी लिहिलं तर ते खोटं होईल.

मंगळवारी सकाळी घरी पोचलो. बूट काढले आणि शर्टपँटसकट न्हाणीघरात शिरून बादलीभर पाणी डोक्यावरून ओतलं. पुण्यातला फेब्रुवारी, पाणी गार. बायको दारात येऊन उभी राहिली.

"अहो, कपड्यांसकट? कोण गेलं?"

"कुणी नाही. माझं पुस्तक."

तिनं टॉवेल पुढं केला. "ते होय. ते मला केव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "म्हटलं, तुम्हाला कुणी सांगू नये."